केसाएवढ्या नळीत मिठाचं पाणी

पाणी शुद्ध करणारं यंत्र विकायला आलेला माणूस घरात शिरला की आधी दोन काचेचे ग्लास मागतो. एकात तुमच्याच नळाचं पाणी भरायला लावतो, दुसऱ्यात स्वतःच्या बाटलीतलं ओततो आणि बॅगेतून सळया लोंबणारं एक खोकं बाहेर काढतो. सळया दोन्ही ग्लासांत बुडवून प्लग लावला, की मिनिटभरात तुमच्या ग्लासात गटार वाहू लागतं. तपकिरी, हिरवट, वर फेस. त्याच्या ग्लासातलं पाणी निवांत. "बघा मॅडम, हे तुम्ही मुलांना पाजताय." मॅडम हादरतात, साहेब नगरपालिकेचा उद्धार करतात आणि आजी म्हणतात, "आम्ही तर विहिरीचं प्यायलो." आजींकडे कुणी लक्ष देत नाही. हप्ते ठरतात.

खरं म्हणजे तो चिखल पाण्यातला नसतोच, सळईतला असतो. लोखंडाच्या सळईतून वीज गेली की लोखंड विरघळतं आणि गंज होऊन पाण्यात उतरतं. नळाच्या पाण्यात थोडेफार क्षार असतात, म्हणून तिथे वीज वाहते. त्याच्या बाटलीतल्या पाण्यातले क्षार आधीच काढलेले असतात. वीज वाहत नाही, सळई सुखरूप. त्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि प्लग लावायला सांगा. तुमच्यापेक्षा दाट चिखल होईल. विक्रेता सहसा तोपर्यंत थांबत नाही.

मग खिशातून पेनासारखं टीडीएस मीटर निघतं. तेही क्षार वगैरे काही मोजत नाही. पाण्यातून वीज किती सहज जाते एवढंच बघतं, त्या आकड्याला ०.५ ते ०.७ च्या दरम्यान कारखान्यात ठरलेल्या कुठल्याशा गुणकानं गुणतं आणि उत्तर पीपीएममध्ये छापतं. मीठ विरघळलंय की चुना, हे त्या पेनाला कळत नाही.

या माणसाला नावं ठेवायची मला सोय नाही, कारण त्याचा आणि माझा धंदा एकच आहे. मोजायला जायचं पाणी आणि मोजून यायची सळई. फरक इतकाच, की त्याला त्याचं कमिशन मिळतं आणि आम्हाला रिव्ह्यूअरची पत्रं.

आमच्या प्रयोगशाळेत मिठाच्या पाण्यातून वीज सोडतात आणि किती गेली ते बघतात. बाहेर सांगताना आम्ही 'मायक्रोफ्लुइडिक उपकरणांतील क्षारद्रावणांचे विद्युतरासायनिक मापन' असं सांगतो. साध्या भाषेत सांगितलं तर जमलेली लग्नं मोडतात. आमच्या एका विद्यार्थ्याला बघायला मुलीचे वडील आले होते. बँकेतून निवृत्त, स्वभावानं हिशेबी.

"म्हणजे नेमकं काय करता?"

"मिठाच्या पाण्यात करंट सोडतो, काका."

"किती पाणी?"

"पन्नास नॅनोलिटर."

काकांनी थोडा वेळ चहाच्या कपात पाहिलं. "आणि स्टायपेंडही त्याच मापात का?"

पन्नास नॅनोलिटर हा विनोद नाही. आमच्या चिपमधली नळी १०० मायक्रॉन रुंद, ५० मायक्रॉन उंच आणि एक सेंटिमीटर लांब असते. डोक्यावरचा केस जेमतेम मावेल एवढी. एका साध्या थेंबात ही नळी हजारदा भरते. आता तिच्यात पोटॅशियम क्लोराइडचं ०.०१ मोलर द्रावण भरा, जे आमच्याकडे रोजचंच आहे. आतलं मीठ निघतं साधारण ३७ नॅनोग्रॅम. स्टोअरमध्ये मिठाची सगळ्यांत छोटी बाटली मिळते ५०० ग्रॅमची, म्हणजे एका बाटलीत नळी तेराशे कोटी वेळा भरेल. सिरिंजमध्ये आणि जोडनळ्यांत वाया जातं ते यात धरलेलं नाही, पण ते धरूनही ही बाटली आमच्या नातवंडांना पुरेल. तरीही मार्चअखेर आली की स्टोअरचे काका यादी घेऊन येतात, "सर, मीठ किती लिहू?" आणि बजेट परत जाऊ नये म्हणून आम्ही दोन बाटल्या लिहितो.

एवढी बारीक नळी कशाला, हा प्रश्न मुलीच्या वडिलांनीही विचारला होता. उत्तर सरळ आहे. मोजायचं द्रावण नेहमी मीठच असतं असं नाही. कधी ते रक्त असतं, आणि ते थेंबभर मिळालं तरी पुरेल असं यंत्र हवं असतं. शिवाय इतक्या अरुंद जागेत पाणी फार शिस्तीत वाहतं. दोन द्रावणं शेजारी शेजारी सोडली तर ती भोवरे न करता समांतर वाहत राहतात आणि मधली सीमा ओलांडायची तर आयनांना स्वतःच्या पायांनी, म्हणजे विसरणानं, जावं लागतं. शंभर मायक्रॉन ओलांडायला दोन-तीन सेकंद लागतात. एक सेंटिमीटर म्हटलं तर सहा-सात तास. सरकारी फाइलींशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे गणित समजावून सांगावं लागत नाही.

चिप बनवायची रीत हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटानं १९९०च्या दशकात लोकप्रिय केली. पीडीएमएस नावाचं सिलिकॉन रबर, दहा भाग पातळ रबर आणि एक भाग ते घट्ट करणारं रसायन, ढवळून साच्यावर ओतायचं आणि ओव्हनमध्ये सत्तर अंशांना दोनेक तास ठेवायचं. ढवळताना त्यात जेवढी हवा शिरते ती निर्वात भांड्यात ठेवून काढावी लागते. मग तो पारदर्शक वडीसारखा तुकडा साच्यावरून सोलायचा, डॉक्टर लोक त्वचेचा नमुना काढायला वापरतात त्या पंचानं त्याला भोकं पाडायची, प्लाझ्मा दाखवायचा आणि काचेवर चिकटवायचा. या सगळ्यात धूळ हा मोठा शत्रू. स्वच्छ खोलीच्या हवेसाठी लाखांनी खर्च होतो, अंगभर पांढरे झगे घालून माणसं आत जातात आणि शेवटी रबरावरची धूळ निघते ती कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातल्या सेलोटेपनं. जगभर हेच चालतं. शोधनिबंधात तसं स्पष्ट लिहिलेलंही असतं.

चिप तयार झाली, नळीत पाणी सोडलं, की प्रवेश होतो बुडबुड्याचा. आमच्या शास्त्रातलं हे सर्वांत प्रभावशाली व्यक्तिमत्त्व. तो सिरिंजमधून येतो, जोडातून येतो, थंड पाणी खोलीत गरम झालं की आपला आपण प्रकट होतो. मोठ्या भांड्यात बुडबुडा आला तर तो वर जातो आणि विषय संपतो. आमच्या नळीत तो भिंतीपासून भिंतीपर्यंत बूच बसावं तसा बसतो. हवेतून वीज जात नाही, म्हणून स्क्रीनवरचा रोध एकदम आकाशाला भिडतो. नवा विद्यार्थी असेल तर तो सरांकडे धावतो, "सर, काहीतरी वेगळंच दिसतंय!" सर खुर्चीवरून न उठता विचारतात, "सूक्ष्मदर्शकातून पाहिलंस का?" जुना विद्यार्थी असेल तर तो काही न बोलता चिपला पेन्सिलीनं टिचक्या मारायला लागतो. कुणी आधी अल्कोहोल सोडतात, कुणी पाणी निर्वातात ठेवून त्यातली हवा काढतात, आणि एक जण तर रीडिंग स्थिर असेपर्यंत कुणाला शिंकूही देत नाही. यातले पहिले दोन उपाय शास्त्रीय आहेत.

पण बुडबुडा निदान दिसतो. खरी गोम इलेक्ट्रोडमध्ये आहे.

विभव मोजायचं तर कशाच्या तरी तुलनेत मोजावं लागतं, आणि त्या तुलनेसाठी वापरतात चांदीवर सिल्व्हर क्लोराइडचा थर असलेला संदर्भ इलेक्ट्रोड. चिपमध्ये विकतचा मावत नाही, म्हणून तो हातानं करतात. आम्ही खरेदी विभागाकडे मागणी पाठवली : चांदीची तार, शुद्धता ९९.९९ टक्के. फाइल शेरा घेऊन परत आली, 'सदर वस्तूचा संशोधनाशी संबंध स्पष्ट करावा.' मी स्वतः गेलो आणि सांगितलं, की ही तार ब्लीचमध्ये बुडवून काळपट होईपर्यंत ठेवायची असते. लेखाधिकारी मॅडमनी चष्मा काढला. त्यांच्या घरी दिवाळीच्या आधी दोन दिवस चांदीची भांडी घासण्यात जातात. "अहो, मग आधीच काळी पडलेली का घेत नाही? मोडीत स्वस्त मिळेल."

प्रश्न बिनतोड होता. मी म्हटलं, घरातली चांदी हवेतल्या गंधकामुळे काळी पडते, आम्हाला क्लोरीननं काळी पडलेली लागते. मॅडमनी माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि सही केली.

त्यांना सांगितली नाही ती गोष्ट पुढची आहे. या इलेक्ट्रोडचं विभव स्थिर राहतं खरं, पण त्याच्या भोवतीच्या पाण्यात क्लोराइड किती आहे तेही स्थिर असेल तरच. मीठ दहापट झालं की विभव ५९ मिलिव्होल्टनं सरकतं. म्हणजे ज्याच्या भरवशावर मिठाचं मोजमाप करायचं, तो संदर्भ स्वतः मिठाच्याच तालावर नाचणार. मोठ्या प्रयोगात याला तोड आहे : इलेक्ट्रोडला त्याचं स्वतःचं दाट पोटॅशियम क्लोराइड देऊन काचेच्या वेगळ्या नळीत बसवतात, टोकाला सच्छिद्र बूच लावतात. पोटॅशियम क्लोराइडच का, तर त्यातले धन आणि ऋण आयन जवळपास सारख्याच वेगानं चालतात, त्यामुळे सीमेवर एक पुढे आणि एक मागे असा तणाव फारसा उभा राहत नाही. आमच्या चिपमध्ये ही वेगळी खोली बांधायला जागा नसते. कशीबशी बांधली तर तिथलं दाट मीठ झिरपत झिरपत मोजायच्या द्रावणात उतरतं. थोडक्यात, सळईचा चिखल आमच्याही ग्लासात पडतो; आमचा दिसत नाही एवढंच.

बरं, विभव नको, नुसती वाहकता मोजू म्हटलं तरी सुटका नाही. सरळ एका दिशेनं वीज सोडली आणि ती १.२३ व्होल्टच्या पुरेशी वर गेली, की पाण्याचंच विघटन होतं, एकीकडे हायड्रोजन, दुसरीकडे ऑक्सिजन, आणि बुडबुडेबुवा सहकुटुंब हजर. त्याच्या खाली ठेवली तर आयन इलेक्ट्रोडपाशी गर्दी करतात आणि विजेची वाट अडवतात. फ्रीडरिश कोलराउश या जर्मन भौतिकशास्त्रज्ञानं १८७०च्या दशकात यावर उतारा काढला. त्यानं दिशा उलटसुलट करणारी वीज वापरली, म्हणजे आयनांना गर्दी करायला सवडच मिळू नये. पुढे टेलिफोन आला तेव्हा त्याचा कानाला लावायचा भाग त्यानं मोजणीला जोडला. दोन्ही बाजू समान झाल्या की गुणगुण थांबायची, ती जागा म्हणजे उत्तर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विद्युतरसायनशास्त्र कानानं ऐकत होतं म्हणायला हरकत नाही. याच गृहस्थानं १८९४ साली हेडवायलर या सहकाऱ्याबरोबर निव्वळ पाण्याची वाहकता मोजायची म्हणून तेच पाणी ४२ वेळा निर्वातात ऊर्ध्वपातित केलं. आमच्याकडे भिंतीवरचं यंत्र बटण दाबलं की १८.२ मेगओहम-सेंटिमीटरचं पाणी देतं, आणि ते बाटलीत भरून टेबलापर्यंत येईस्तोवर हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळून ते बिघडलेलंही असतं.

तापमानाचं काय सांगू? ०.०१ मोलर पोटॅशियम क्लोराइडची वाहकता २५ अंशांना १४१३ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर, २० अंशांना १२७८. पाच अंशांत दहा टक्क्यांच्या आसपास फरक. आमच्या प्रयोगशाळेत एसीचा रिमोट ज्याच्या हातात, त्याचं मिठाबद्दलचं मत अंतिम. एका विद्यार्थिनीला थंडी वाजते, दुसऱ्याला उकडतं, आणि दोघांचेही ग्राफ आपापल्या प्रकृतीनुसार येतात. वर पीडीएमएसमधून पाण्याची वाफ हळूहळू बाहेर जाते. रात्री भरून ठेवलेली नळी सकाळी पाहावी तर आत मिठाचे नेटके चौकोनी स्फटिक. दिसायला सुरेख. छायाचित्र स्पर्धेला पाठवता येतात.

आणि मग भिंतीतल्या विजेचे पन्नास हर्ट्झ. आमच्या त्या नळीचा रोध नेहमीच्या मिठाला चौदा मेगओहम भरतो. एवढ्या रोधातून जाणारा प्रवाह इतका क्षीण, की आजूबाजूच्या प्रत्येक वायरचा आवाज त्याच्यापेक्षा मोठा. पंखा लावला, दिसला. ट्यूबलाइट, दिसली. कुणी फोन चार्जिंगला लावला, दिसला. आमच्या एका विद्यार्थ्याला ग्राफ बघून लिफ्ट कोणत्या मजल्यावर थांबली ते सांगता येतं, असा त्याचा दावा आहे. मी पडताळून पाहिलेला नाही, पण लिफ्ट निघाली हे तर मलाही कळतं. तळमजल्यावर दुसऱ्या एका विभागाचा हवेचा कॉम्प्रेसर आहे. तो सकाळी साडेअकराला घरघरतो आणि आमच्या क्षारद्रावणात भूकंप होतो.

यावर इलाज फॅराडेचा पिंजरा. विकतचा घ्यायचा तर कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, समिती. तोपर्यंत चिप बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसते, बाहेरून पोळ्या गुंडाळायचं ॲल्युमिनियम फॉइल, एक वायर अर्थिंगला. मावशी झाडायला आल्या तेव्हा एकदा त्यांनी विचारलं, "सर, डबा कुणाचा राहिलाय? वास यायच्या आत नेऊ का?" डबा नेला नाही हे विज्ञानावर उपकारच. त्या डब्यात आलेली रीडिंगं सर्वांत स्वच्छ आहेत.

रीडिंग मिळालं म्हणजे संपलं असं नाही. आता त्याचा अर्थ लावायचा. वेगवेगळ्या वारंवारतेची वीज सोडून आलेले ठिपके मांडले की एक अर्धवर्तुळ आणि त्याला तिरकी शेपटी अशी आकृती तयार होते. तिला नायक्विस्ट आलेख म्हणतात. इथून पुढचं काम पत्रिका बघण्याचं आहे. आकृती सरांसमोर ठेवायची. सर चष्मा वर करून म्हणतात, "इथे रोध बलवान आहे. धारित्र जरा नीचीचं दिसतंय. शेपटीत विसरण." मग एक घर मांडायचं, ज्याला समतुल्य मंडल म्हणतात. १९४७ साली रँडल्सनं दिलेलं साधं मंडल बसलं तर उत्तम. नाही बसलं तर आणखी एक रोध घालायचा. तरी नाही, तर धारित्र काढून तिथे 'कॉन्स्टंट फेज एलिमेंट' बसवायचं. हा ग्रह असा, की कुठल्याही पत्रिकेत चालतो. पुरेशी घरं मांडली की जगातली कोणतीही रेघ जुळते, आणि छत्तीसपैकी छत्तीस गुण आले म्हणून संसार नीट होतो असं नाही, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. दुसऱ्या प्रयोगशाळेत तीच आकृती गेली, तर ते वेगळं मंडल मांडतात आणि तेही जुळतं.

हे ऐकून निराश होणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही अऱ्हेनियसची गोष्ट सांगतो. स्वांते अऱ्हेनियसनं १८८४ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात प्रबंध दिला. विषय : क्षारांच्या द्रावणातून वीज कशी जाते. यातूनच पुढे तो म्हणाला, की मीठ पाण्यात पडताच त्याचे विजेनं भारलेले तुकडे सुटे होतात, वीज सोडायची वाट बघत नाहीत. परीक्षकांना प्रबंध पटला नव्हता. प्रबंधाला इतकी खालची श्रेणी मिळाली, की विद्यापीठात नोकरीची आशा सोडावी. त्याच वर्षी रिगाहून विल्हेल्म ओस्टवाल्ड त्याला भेटायला उप्सालाला येऊन गेला, तेव्हा कुठे लोकांनी कान टवकारले. १९०३ साली त्याच कामासाठी अऱ्हेनियसला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गोष्ट ऐकून विद्यार्थी दोन दिवस जोमानं काम करतात. तिसऱ्या दिवशी एखादा विचारतो, "सर, खालची श्रेणी मिळालेल्या बाकीच्यांचं काय झालं?"

एवढ्या भानगडी असूनही हे काम चालतं, आणि चांगलं चालतं, याचा पुरावा कुठल्याही मोठ्या रुग्णालयात सापडेल. आजोबांना सकाळपासून गरगरतंय, बोलणं असंबद्ध आहे, घरचे घाबरून घेऊन येतात. डॉक्टर म्हणतात, "सोडियम बघू." आता मराठी घरात सोडियम हा आजोबांच्या वयाचा एक जुना नातेवाईकच आहे, कधी उतरतं, कधी चढतं, फोनवर चौकशी त्याचीच होते. पूर्वी नळीभर रक्त प्रयोगशाळेत जायचं आणि बाहेर बाकावर सगळे ताटकळायचे. आता आय-स्टॅटसारख्या हातात मावणाऱ्या यंत्रात रक्ताचे दोन-तीन थेंब टाकलेली एक कार्ट्रिज सरकवतात. तिच्या आत बारीक वाहिन्या आणि त्यांत सूक्ष्म इलेक्ट्रोड. साधारण दोन मिनिटांत आकडा. १३५ ते १४५ मिलिमोल प्रति लिटर असेल तर ठीक.

त्या कार्ट्रिजमधली मला आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. रक्ताला हात लावण्याआधी ती आतली एक छोटी पिशवी फोडते आणि आधीच माहीत असलेल्या क्षारांचं द्रावण इलेक्ट्रोडवरून नेते. म्हणजे सळई आज कशी वागतेय ते आधी तपासायचं आणि मगच आजोबांकडे वळायचं. कार्ट्रिज एकदाच वापरायची आणि टाकून द्यायची, त्यामुळे इलेक्ट्रोडला म्हातारं व्हायला, वाळायला, रुसायला वेळच मिळत नाही. आमच्या विषयात गेल्या शंभर-दीडशे वर्षांत जेवढं शहाणपण जमा झालं, ते बहुतेक त्या पिशवीत आहे. आरोग्य विम्याच्या बिलात ती वेगळी दाखवत नाहीत.

आमचे विद्यार्थी आता तशीच पिशवी स्वतःच्या चिपमध्ये बसवायच्या मागे लागले आहेत. आधी ओळखीचं मीठ, मग अनोळखी. पहिले निकाल चांगले आहेत; सकाळी दहा ते साडेअकरा या वेळात तर फारच चांगले. म्हणून तळमजल्यावरच्या विभागाला जाहीर विनंती : तुमचा कॉम्प्रेसर दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत लावा. लिफ्टचं आम्ही बघून घेऊ.